भास्कराचार्य आणि वर फेकलेला दगड

वर फेकलेली वस्तू खाली का येते, हा प्रश्न फार जुना आहे. बाराव्या शतकात महाराष्ट्राशी नाते असलेल्या एका थोर गणितज्ञाने या प्रश्नाचा खोलवर विचार केला. त्यांनी काय शोधून काढले आणि कोणते काम पुढच्या शास्त्रज्ञांसाठी राहिले, हे या पाठात सांगितले आहे.

मुंबईहून निघालेला मध्य रेल्वेचा मार्ग ठाणे, दिवा, कोपर, डोंबिवली या स्थानकांवरून कल्याणला येतो. तेथून त्याचा एक फाटा कसाऱ्याचा घाट चढतो आणि नाशिक, मनमाडवरून चाळीसगावला पोहोचतो. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात आहे. तेथून सुमारे १८ किलोमीटर अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे एक लहानसे गाव आहे. आज तेथे गर्द झाडी आणि जुनी मंदिरे दिसतात. आठशे वर्षांपूर्वी मात्र हे गाव विद्येचे केंद्र होते.

पाटणच्या देवीच्या मंदिरात एक शिलालेख सापडला. मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी त्याचा अभ्यास केला आणि १८६५ साली त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. या शिलालेखात एका विद्वान घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. त्या घराण्यातील सर्वांत मोठे नाव म्हणजे भास्कराचार्य. लेखाचा बराचसा भाग संस्कृतमध्ये आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मराठी भाषेच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. आपले जन्मवर्ष त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलवीड हे आपले गाव, असेही त्यांनी सांगितले आहे. हे गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते ते कर्नाटकात होते, तर काहींच्या मते ते पाटणजवळच होते.

त्यांचे वडील महेश्वर हे मोठे ज्योतिषी होते. तेच भास्कराचार्यांचे गुरू. त्या काळी छापलेली पुस्तके नव्हती. विद्या घरात, तोंडी पाठ करून शिकवली जाई. म्हणून गणिताचे नियमसुद्धा श्लोकांत रचलेले असत. भास्कराचार्य वडिलांकडून गणित, ज्योतिष आणि व्याकरण शिकले. पाठांतरावर मात्र ते थांबले नाहीत. प्रत्येक नियम असाच का आहे, हे ते विचारीत आणि त्याचे कारण शोधीत. पुढे त्यांनी स्वतःच्या ग्रंथावर स्वतःच टीका लिहिली आणि तीत नियमांमागची कारणे उलगडून दाखवली.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती या भागात अंकगणित व भूमिती आहे. बीजगणित हा दुसरा भाग. ग्रहगणितात ग्रहांच्या गतीचा हिशेब आहे आणि गोलाध्यायात पृथ्वी व आकाश यांचे वर्णन आहे.

लीलावतीतील उदाहरणे फार मजेदार आहेत. त्यांत भुंगे आहेत, हंस आहेत, मोर आणि साप आहेत. एका उदाहरणात दोन माकडे शंभर हात उंच झाडावर बसलेली आहेत. झाडापासून दोनशे हातांवर एक विहीर आहे. एक माकड झाडावरून खाली उतरते आणि चालत विहिरीवर जाते. दुसरे माकड झाडाच्या शेंड्यावरून सरळ वर उडी घेते आणि तेथून तिरप्या रेषेत विहिरीवर येते. दोघांनी कापलेले अंतर सारखेच आहे. तर दुसऱ्या माकडाने किती उंच उडी घेतली? उत्तर आहे पन्नास हात. पायथागोरसचा सिद्धान्त वापरून तुम्हीही हे उत्तर काढू शकाल.

या उदाहरणात अंतराचा हिशेब आहे, वेळेचा नाही. वर उडी घेणारे माकड हळूहळू मंद होते काय आणि खाली येताना त्याचा वेग वाढतो काय, हा प्रश्न येथे विचारलेला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्या उपयोगी पडेल.

गोलाध्यायात भास्कराचार्यांनी पृथ्वीविषयी मूलभूत प्रश्न उपस्थित केले. पृथ्वी कशाच्या आधारावर उभी आहे? त्या काळी कोणी म्हणत ती सापाच्या फण्यावर आहे, कोणी म्हणत हत्तींच्या पाठीवर आहे. भास्कराचार्यांनी सरळ विचार केला. पृथ्वीला एक आधार मानला, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा. दुसऱ्याला तिसरा हवा. याला शेवटच राहणार नाही. कोठेतरी थांबून अमुक वस्तू स्वतःच्या शक्तीने उभी आहे, असे म्हणावेच लागेल. मग ते पृथ्वीविषयीच का म्हणू नये? पृथ्वी आकाशात निराधार आहे आणि स्वतःच्या शक्तीने टिकून आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पृथ्वी गोल असेल, तर तिच्या खालच्या बाजूचे लोक पडत कसे नाहीत? यावर त्यांनी पाण्यातील प्रतिबिंबाचे उदाहरण दिले. तळ्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाचे प्रतिबिंब उलटे दिसते. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचे लोक आपल्याला तसे उलटे वाटतात, पण ते आपल्यासारखेच निर्धास्त उभे असतात. जो जेथे उभा आहे, त्याला आपण पृथ्वीच्या वर आहोत असेच वाटते.

याचे कारण सांगताना भास्कराचार्यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला. पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे. आकाशातील जड वस्तूंना ती आपल्याकडे ओढून घेते. त्यामुळे त्या वस्तू पडताना दिसतात. पृथ्वीच्या भोवती सर्व बाजूंनी आकाश सारखेच आहे. मग पृथ्वी स्वतः कोणत्या दिशेला पडणार? वर आणि खाली या दिशा पृथ्वीमुळेच ठरतात, हे त्यांना नीट उमगले होते.

त्या काळी काही पंडितांचे आणखी एक मत होते. पृथ्वी आकाशात सतत खाली पडत आहे, पण आपणही तिच्याबरोबर पडत असल्यामुळे ते आपल्याला कळत नाही, असे ते मानत. भास्कराचार्यांनी या मतालाही उत्तर दिले. त्यासाठी त्यांना दुर्बीण लागली नाही की मोठे यंत्र लागले नाही. त्यांनी वर फेकलेल्या जड वस्तूकडे बोट दाखवले. वर फेकलेला दगड परत जमिनीवर येतो, हे तर सगळे रोज पाहतात. पृथ्वी खाली खाली पळत असती, तर तो दगड तिच्यापर्यंत परत आला असता काय?

आजच्या विज्ञानाने पाहिले तरी हा मुद्दा बरोबर ठरतो. समजा, पृथ्वी दगडाला ओढत नाही आणि दोघेही सारख्याच रीतीने खाली पडत आहेत. मग वर फेकलेला दगड पृथ्वीपासून त्याच वेगाने दूर दूर जात राहील. तो कधीच परत येणार नाही. दगड परत येतो, याचा अर्थ पृथ्वी त्याला आपल्याकडे ओढते.

आता या दगडाच्या प्रवासाकडे जरा बारकाईने पाहू. त्यासाठी वेग आणि त्वरण हे दोन शब्द नीट समजले पाहिजेत. कोपर स्थानकातून डोंबिवलीकडे निघालेली धिमी लोकल डोळ्यांसमोर आणा. फलाटावर उभी असताना तिचा वेग शून्य असतो. गाडी सुटते आणि वेग वाढू लागतो. प्रत्येक सेकंदाला वेगात जितका बदल होतो, त्याला त्वरण म्हणतात. डोंबिवली जवळ आली की मोटरमन ब्रेक लावतो आणि वेग कमी होऊ लागतो. हाही वेगातील बदलच आहे. फक्त या वेळी त्वरणाची दिशा गाडीच्या वेगाच्या उलट असते. म्हणजे वेग ही एक गोष्ट आहे आणि वेगातील बदलाचा दर ही दुसरी गोष्ट आहे.

दगड सरळ वर फेकला की त्याच्या बाबतीत काय होते? पृथ्वी त्याला सतत खाली ओढत असते. या ओढीमुळे त्याच्या वेगात प्रत्येक सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका बदल होतो. याला गुरुत्वीय त्वरण म्हणतात. हिशेबाच्या सोयीसाठी आपण ते १० धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ. दगड २० मीटर प्रतिसेकंद या वेगाने वर फेकला, असे समजा. एका सेकंदानंतर त्याचा वेग १० उरतो आणि तो १५ मीटर उंचीवर असतो. दोन सेकंदांनंतर वेग शून्य होतो आणि उंची २० मीटर असते. हे सर्वांत उंच ठिकाण. तीन सेकंदांनंतर त्याचा वेग पुन्हा १० असतो, पण दिशा खाली असते आणि उंची पुन्हा १५ मीटर असते. चार सेकंदांनंतर तो २० मीटर प्रतिसेकंद या वेगाने हातात परत येतो. जितक्या वेगाने वर गेला, तितक्याच वेगाने खाली आला. जितका वेळ चढायला लागला, तितकाच उतरायला लागला.

येथे बरेच विद्यार्थी एक चूक करतात. सर्वांत उंच ठिकाणी दगडाचा वेग शून्य असतो, म्हणून तेथे त्याचे त्वरणही शून्य असेल, असे ते लिहितात. विचार करून पाहा. कोपरच्या फलाटावर उभ्या असलेल्या गाडीचा वेग शून्य असतो आणि त्वरणही शून्य असते. म्हणूनच ती तेथे उभी राहते. उंचावर पोहोचलेल्या दगडाचे त्वरण शून्य झाले असते, तर तोही तेथेच आकाशात लटकून राहिला असता. पण तो एक क्षणही थांबत नाही. वर जाताना, सर्वांत उंच ठिकाणी आणि खाली येताना त्याचे त्वरण सारखेच असते आणि त्याची दिशा नेहमी खालीच असते. वेग बदलतो, दिशा बदलते, पण पृथ्वीची ओढ काही सुटत नाही.

एखाद्या क्षणाचा वेग ही कल्पना सोपी वाटते, पण ती फार सूक्ष्म आहे. वेग काढायचा तर अंतराला वेळेने भागावे लागते. मग एकाच क्षणाचा वेग कसा काढायचा? भास्कराचार्यांना हा प्रश्न आकाशातील ग्रहांच्या बाबतीत पडला. आज चंद्र कोठे आहे आणि उद्या कोठे असेल, यातील फरकावरून त्याची एका दिवसाची गती मिळते. पण चंद्र दिवसभर एकाच गतीने चालत नाही. त्याची गती क्षणाक्षणाला बदलते. ग्रहणाची किंवा तिथीची अचूक वेळ हवी असेल, तर दिवसाची ढोबळ गती पुरत नाही. त्या क्षणाचीच गती हवी. तिला भास्कराचार्यांनी तात्कालिक गती असे नाव दिले आणि ती काढण्याची रीत सांगितली. त्यांच्या आधी दहाव्या शतकात मुंजाल या गणितज्ञाने या दिशेने पाऊल टाकले होते. भास्कराचार्यांनी तो विचार अधिक स्पष्ट केला.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ग्रह एकसारख्या गतीने चालला असता तर जेथे असता, ते एक स्थान. तो प्रत्यक्षात जेथे असतो, ते दुसरे स्थान. या दोन स्थानांतील अंतर वाढत जाते, सर्वांत मोठे होते आणि मग कमी होऊ लागते. ते सर्वांत मोठे होते त्या क्षणी त्याची वाढ शून्य असते, हे भास्कराचार्यांनी ओळखले. आपल्या दगडाचेही तसेच आहे. उंची सर्वांत जास्त होते, त्या क्षणी उंचीची वाढ, म्हणजेच दगडाचा वेग, शून्य असतो. ही कल्पना पुढे कलनशास्त्र या गणिताच्या शाखेचा पाया ठरली. काशी येथे शिकवणारे पुण्याचे गणितज्ञ बापूदेव शास्त्री यांनी १८५८ साली भास्कराचार्यांच्या या कामाकडे जगाचे लक्ष वेधले. भास्कराचार्यांच्या रीतीला संपूर्ण कलनशास्त्र म्हणता येईल काय, यावर तेव्हा युरोपातील विद्वानांनी शंकाही घेतली. त्या चर्चेमुळे निदान एवढे झाले की त्यांचे ग्रंथ पुन्हा बारकाईने वाचले गेले.

मग पडणाऱ्या वस्तूचे त्वरण भास्कराचार्यांनी का मोजले नाही? त्यांच्यासमोर मोठी अडचण वेळ मोजण्याची होती. त्या काळी घटिकापात्र वापरीत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. छिद्रातून पाणी आत येई आणि वाटी बुडे. ती बुडायला २४ मिनिटे लागत. याला एक घटिका म्हणत. पण पाच मीटर उंचीवरून सोडलेला दगड एका सेकंदात जमिनीवर येतो. वीस मीटर उंचीवरून सोडला, तरी त्याला दोनच सेकंद लागतात. इतका थोडा वेळ या वाटीने कसा मोजणार? भास्कराचार्यांनी कल्पनेत वेळेचे फार बारीक भाग पाडले होते. त्यांनी सांगितलेली त्रुटी इतकी लहान आहे की एका सेकंदात ३३,७५० त्रुटी बसतात. पण कल्पना हाती असूनही साधन हाती नव्हते.

या घटिकापात्राविषयी एक दंतकथा आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिचे लग्न एका ठरावीक घटकेलाच व्हायला हवे होते. पाण्यावर वाटी ठेवली होती. लीलावती कुतूहलाने वाकून पाहू लागली. तेव्हा तिच्या पोशाखातील एक मोती निसटून वाटीत पडला आणि छिद्र बंद झाले. वाटी बुडालीच नाही आणि घटका टळून गेली. दुःखी मुलीचे नाव अमर व्हावे, म्हणून वडिलांनी आपल्या ग्रंथाला तिचे नाव दिले. या कथेला इतिहासाचा पुरावा नाही. पण ती आपल्यापर्यंत कशी आली, हे समजून घेण्यासारखे आहे.

ती आपल्याला फारसी भाषेतून मिळाली. बादशहा अकबर याच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली लीलावतीचे फारसीत भाषांतर केले. त्याच्या प्रस्तावनेत त्याने ही कथा सांगितली आहे. पुढे शाहजहानच्या काळात, १६३४ साली, अताउल्ला रशीदी याने बीजगणिताचे फारसी भाषांतर केले. अताउल्ला हा ताजमहालाचे शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याचा आराखडाही त्यानेच केला, असे इतिहासकार मानतात. ज्या डोंगररांगेच्या एका बाजूला पाटण आहे, तिच्या दुसऱ्या बाजूला हे शहर आहे. विद्येला भाषेची आणि धर्माची भिंत अडवू शकत नाही, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

भास्कराचार्यांच्याच शतकात दूर बगदादमध्ये अबुल बरकात अल् बगदादी हे विद्वान होऊन गेले. पडणाऱ्या वस्तूचा वेग का वाढत जातो, याचा त्यांनी विचार केला. वस्तूला खाली जाण्याची प्रेरणा एकदाच न मिळता पुन्हा पुन्हा मिळत राहते आणि ती साठत जाते, म्हणून वेग वाढतो, असे त्यांनी मांडले. पाटण आणि बगदाद यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचे अंतर होते, तरी दोन्हीकडील विद्वान पडणाऱ्या वस्तूचे कोडे सोडवत होते.

हे कोडे मोजून सोडवले ते इटलीच्या गॅलिलिओने. त्याचा जन्म १५६४ सालचा. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर पडते, हे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचे मत तेव्हा सर्वत्र मानले जाई. गॅलिलिओने ते तपासून पाहायचे ठरवले. सरळ पडणारी वस्तू फार झपाट्याने जाते, म्हणून त्याने उतरती फळी घेतली आणि तिच्यावरून गोळा घरंगळत सोडला. त्यामुळे गोळ्याची गती मंदावली आणि मोजता येऊ लागली. वेळ मोजायला त्याच्याकडेही सेकंदकाट्याचे घड्याळ नव्हते. एका भांड्यातून बारीक नळीने पाण्याची धार सोडायची आणि गोळा खाली पोहोचेपर्यंत जमलेले पाणी तोलायचे, अशी त्याची युक्ती होती. भास्कराचार्यांच्या काळातील घटिकापात्राप्रमाणे त्याचे घड्याळही पाण्याचेच होते. पण ते थोडा वेळ मोजू शकत होते.

गॅलिलिओला दिसले की समान वेळांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात. सरळ पडणारा दगड पहिल्या सेकंदात ५ मीटर, दुसऱ्या सेकंदात १५ मीटर आणि तिसऱ्या सेकंदात २५ मीटर पडतो. म्हणजे वेग दर सेकंदाला सारखाच वाढत जातो. हवेचा विरोध नसेल, तर जड आणि हलक्या वस्तू बरोबरच पडतात. हे सारे त्याने म्हातारपणी लिहिले. १६३८ साली हॉलंडमधील लेडन येथे त्याचे पुस्तक छापले गेले, तेव्हा त्याची दृष्टी गेली होती. पुढे १६८७ साली इंग्लंडच्या न्यूटनने दाखवले की जी ओढ दगडाला खाली आणते, तीच चंद्राला पृथ्वीभोवती फिरवते. २ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले. तेथे हवा नाही. दोन्ही वस्तू बरोबरच खाली पडल्या.

काही लोक अभिमानाने म्हणतात की न्यूटनचा नियम भास्कराचार्यांनी आधीच शोधला होता. हे खरे नाही. भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा विचार मांडला, पण ती किती आहे, हे मोजले नाही. चंद्रालाही तीच शक्ती लागू होते, असे त्यांनी म्हटले नाही. पृथ्वी स्थिर आहे आणि ग्रह तिच्याभोवती फिरतात, असेच ते मानत होते. पण यामुळे त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. सापाच्या फण्याची आणि हत्तींची गोष्ट बाजूला ठेवून त्यांनी प्रत्यक्ष दिसणाऱ्या दगडाला साक्षीला बोलावले. बदलत्या गतीतून एका क्षणाची गती वेगळी काढून दाखवली. जे त्यांनी केले, ते पुरेसे मोठे आहे. जे केले नाही, ते त्यांच्या नावावर मांडले, तर त्यांच्या खऱ्या कामाकडेच आपले दुर्लक्ष होते.

भास्कराचार्य शेवटपर्यंत अभ्यास करीत राहिले. ११८३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगाच्या गणिताचा सोपा ग्रंथ लिहिला. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यालाही विद्येची गोडी होती. देवगिरीचा यादव राजा जैत्रपाल याने त्याला पाटणहून बोलावून आपल्या दरबारातील पंडितांचा प्रमुख केले. नातू चांगदेव हा राजा सिंघण याचा ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे, म्हणून चांगदेवाने पाटण येथे एक मठ स्थापन केला. १२०७ साली या मठाला दाने मिळाली. मठाच्या खर्चासाठी कोणकोणते वाटे द्यावेत, हे शिलालेखाच्या शेवटी मराठीत कोरले आहे. साध्या माणसांनाही ते समजावे, म्हणूनच तो भाग मराठीत लिहिला असावा. एका गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी गावाने खर्च उचलावा, ही गोष्ट आजही आदर्श वाटते.

भारताने १९७९ आणि १९८१ साली दोन उपग्रह अवकाशात पाठवले. त्यांना भास्कर हे नाव देण्यात आले. या नावात आपले भास्कराचार्य आणि त्यांच्यापूर्वी सातव्या शतकात होऊन गेलेले पहिले भास्कर, अशा दोघांचे स्मरण आहे.

गोलाध्यायात भास्कराचार्यांनी अनेक यंत्रांची माहिती दिली आहे. त्यांत घटिकापात्र आहे, सूर्याची उंची मोजण्याची फळी आहे आणि आणखीही बरीच साधने आहेत. पण या सर्व यंत्रांत श्रेष्ठ कोणते? भास्कराचार्यांनी त्याला धीयंत्र म्हटले आहे. धी म्हणजे बुद्धी. हातात एक साधी काठी आणि डोक्यात बुद्धी असेल, तर दूरच्या वेळूची उंचीसुद्धा काढता येते, हे त्यांनी दाखवून दिले. हे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. ते प्रत्येकाजवळ असते. मात्र ते वापरावे लागते.

शब्दार्थ

वंशावळ – घराण्यातील पिढ्यांची यादी. निराधार – आधार नसलेला. निर्धास्त – न घाबरता. त्वरण – वेग बदलण्याचा दर. गुरुत्वाकर्षण – पृथ्वीची ओढ, कशिशे सकल. तात्कालिक – त्या क्षणाचा. ढोबळ – अंदाजे. घरंगळणे – गोल वस्तू उतारावरून गडगडत जाणे. दंतकथा – लोकांच्या तोंडी असलेली, पुरावा नसलेली गोष्ट. वेळू – बांबू.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भास्कराचार्यांचे गुरू कोण होते?
(आ) लीलावतीचे फारसी भाषांतर कोणी केले?
(इ) पाटणच्या शिलालेखाचा शेवटचा भाग कोणत्या भाषेत आहे?

२. कारणे लिहा.
(अ) पृथ्वी सतत खाली पडत आहे, हे मत भास्कराचार्यांना पटले नाही.
(आ) घटिकापात्राने पडणाऱ्या दगडाचा वेळ मोजता आला नसता.
(इ) सर्वांत उंच ठिकाणी पोहोचलेला दगड तेथे लटकून राहत नाही.

३. एक चेंडू ३० मीटर प्रतिसेकंद या वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वीय त्वरण १० धरून प्रत्येक सेकंदानंतरचा त्याचा वेग आणि वेगाची दिशा यांचा तक्ता तयार करा. सर्वांत उंच ठिकाणी तो किती सेकंदांनी पोहोचेल?

४. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
भास्कराचार्यांनी काय शोधले आणि काय शोधले नाही, ते तुमच्या शब्दांत सांगा.

५. उपक्रम : एक नाणे आणि त्याहून थोडा लहान कागदाचा तुकडा घ्या. आधी दोन्ही वेगवेगळे सोडून पाहा. मग कागद नाण्यावर ठेवून नाणे आडवे सोडा. काय फरक दिसला आणि तो का पडला, हे वर्गात सांगा.